गरब्याला एकटे जाताना

घटस्थापना झाली की वर्धा आणि परिसरातल्या संध्याकाळी बदलतात. शारदा-दुर्गा मंडळांचे मंडप उजळतात, चौकाचौकांत ध्वनिक्षेपक लागतात आणि मोकळ्या मैदानांवर गरब्याचे फेर सुरू होतात. सावंगी (मेघे) हे वर्धा शहराला लागून असलेले गाव. १९९० मध्ये येथे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच्या जोडीने आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आणि दंत, परिचर्या, भौतिकोपचार अशी महाविद्यालये वाढली. त्यामुळे वसतिगृहांत आणि भाड्याच्या खोल्यांत राहणारा, घरापासून लांब आलेला मोठा वर्ग आज या गावात आहे. त्यात विद्यार्थी आहेत, परिचारिका आहेत, तंत्रज्ञ आहेत, नुकतेच रुजू झालेले कर्मचारी आहेत.

नवरात्रात यांतल्या अनेकांपुढे एक साधा दिसणारा पेच असतो. गरब्याला जायची इच्छा असते. पण मैत्रिणीची नाइट ड्युटी लागलेली असते, रूममेट सुटी घेऊन घरी गेलेला असतो आणि वर्गातल्या गटाने आपल्याला विचारलेले नसते. पासही हातात असतो. तरी कपडे बदलण्याऐवजी माणूस मोबाइल घेऊन पलंगावर आडवा होतो. मैदानावरचा ढोल खोलीपर्यंत ऐकू येत राहतो.

बदली होऊन आलेल्या बँकेतल्या कर्मचाऱ्याचे, मुले परगावी गेलेल्या गृहिणीचे किंवा जोडीदार गमावलेल्या ज्येष्ठ नागरिकाचेही असेच होते. ‘एकटे कसे जायचे?’ हा प्रश्न वरवर लाजेचा वाटतो. प्रत्यक्षात त्यात शरीरशास्त्र आहे, मानसशास्त्र आहे आणि सार्वजनिक आरोग्यही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ३० जून २०२५ रोजी सामाजिक नात्यांविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार जगातील दर सहा माणसांपैकी एकाला एकटेपणा जाणवतो आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंचा संबंध एकटेपणाशी जोडता येतो. एकटेपणा हा म्हातारपणाचाच प्रश्न आहे, हा समजही या अहवालाने खोडला. १३ ते २९ या वयोगटातील १७ ते २१ टक्के जणांनी आपल्याला एकटे वाटते असे सांगितले. म्हणजे तरुणांनी गजबजलेल्या गावातही हा प्रश्न असू शकतो.

पोटात गोळा का येतो?

अनोळखी गर्दीच्या तोंडाशी एकटे उभे राहिले की छाती धडधडते, तळहात ओले होतात, तोंडाला कोरड पडते आणि पोटात गोळा येतो. मेंदूने परिस्थितीची ‘धोका असू शकतो’ अशी नोंद केली की ॲड्रेनॅलिन रक्तात उतरते. हृदयाचे ठोके वाढतात, स्नायूंकडे रक्ताचा पुरवठा वाढतो आणि पचनसंस्थेकडचा कमी होतो. पोटातली ती विचित्र जाणीव त्यातूनच येते. समोर वाघ असो की दोन हजार अनोळखी माणसे, शरीराची ही पहिली तयारी बरीचशी सारखी असते.

नाचण्यासाठी शरीराला जी तयारी लागते तीही यापेक्षा फार वेगळी नसते. आनंदाने उत्सुक झाल्यावरसुद्धा हृदय असेच धडधडते. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत याचा उपयोग करून पाहिला. अनोळखी माणसासमोर गाणे म्हणण्यापूर्वी काही जणांना ‘मला धास्ती वाटते आहे’ असे म्हणायला सांगितले, तर काही जणांना ‘मी उत्सुक आहे’ असे. स्वतःला उत्सुक म्हणवणाऱ्यांचे गाणे यंत्राने मोजलेल्या गुणांत सरस ठरले. धडधड थांबवण्याच्या मागे लागण्यापेक्षा तिला दुसरे नाव देणे सोपे जाते, असा त्याचा अर्थ. मैदानाच्या दारात ‘शांत हो, शांत हो’ असे मनाशी घोकण्याऐवजी ‘नाचायची वेळ झाली म्हणून हे होते आहे’ असे म्हणून पाहायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. धास्तीची लाट चढते, काही वेळ टिकते आणि ओसरते. धोका प्रत्यक्षात नाही हे मेंदूला कळले की धडधडही उतरू लागते. मात्र त्यासाठी माणसाने तेवढा वेळ तिथे थांबावे लागते. लाट सर्वांत उंच असताना परत फिरले की लगेच हायसे वाटते. ‘निघून आलो म्हणून वाचलो’ असा चुकीचा धडा मेंदू घेतो आणि पुढच्या वेळी दारापर्यंत जाणेही अवघड होते.

सगळे आपल्याकडेच बघतात?

एकटे जाताना सर्वांत जास्त बोचते ती एक कल्पना: ‘लोक बघतील, हा एकटाच आला आहे.’ अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची परीक्षा घेतली. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात एका विद्यार्थ्याला एका गायकाचे चित्र असलेला, मिरवायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालायला लावून इतर विद्यार्थी बसले होते त्या खोलीत पाठवले. खोलीतल्या जवळपास निम्म्या जणांनी चित्र ओळखले असेल, असा घालणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात साधारण चौथ्या हिश्श्याइतक्या जणांनाच ते सांगता आले. रंगमंचावरचा प्रकाशझोत सतत आपल्यावरच आहे असे प्रत्येकाला वाटते, म्हणून मानसशास्त्रात याला ‘स्पॉटलाइट इफेक्ट’ म्हणतात. गरब्याच्या मैदानावर तर प्रत्येक जण आपला दुपट्टा, आपली स्टेप आणि आपला फोटो यांतच गुंतलेला असतो.

एकट्याने गेल्यावर मजा येणारच नाही, हा दुसरा अंदाज. रेबेका रॅटनर आणि रेबेका हॅमिल्टन या संशोधकांनी २०१५ मध्ये तोही तपासला. विद्यापीठाच्या आवारातून जाणाऱ्या लोकांना त्यांनी तिथल्या कलादालनात डोकावायला सांगितले. एकट्याने जाणाऱ्यांना आधी वाटत होते की आपल्याला फारसे आवडणार नाही. पाहून आल्यावर मात्र सोबतीने गेलेल्यांना आणि एकट्यांना जवळपास सारखाच आनंद मिळाल्याचे दिसले. कलादालन आणि गरबा यांत फरक आहे हे खरे. पण न जाण्याचा निर्णय आपण ज्या अंदाजावर घेतो तो किती कच्चा असू शकतो, ते यावरून कळते.

झुरळांची शर्यत

‘मला स्टेप येत नाही’ ही अडचण मात्र खरी असू शकते. तिच्यावरचा उपाय एका गमतीशीर प्रयोगात सापडतो. रॉबर्ट झायोन्स आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये झुरळांना पळवले. दिव्याच्या उजेडापासून अंधाऱ्या कोपऱ्याकडे जाणारी वाट सरळ असेल तर इतर झुरळे ‘प्रेक्षक’ म्हणून असताना ते जास्त वेगाने पळाले. वाट वळणांची, चुकवणारी असेल तर प्रेक्षकांसमोर त्यांना उलट जास्त वेळ लागला. इतरांच्या उपस्थितीने शरीर चेतते. अंगवळणी पडलेले काम त्यामुळे अधिक चांगले होते आणि नवे, गुंतागुंतीचे काम बिघडते. माणसांच्या बाबतीतही ही प्रवृत्ती अनेक प्रयोगांत दिसली आहे.

म्हणून मैदानावर जाऊन नवी अवघड स्टेप शिकण्याचा हट्ट धरू नये. दोन टाळ्यांचा किंवा तीन टाळ्यांचा साधा गरबा खोलीतच रोज दहा-पंधरा मिनिटे, तीन-चार दिवस करून पाहावा. पाऊल विचार न करता पडू लागले की ती वाट सरळ झाली. मग भोवतीची गर्दी अडथळा ठरत नाही, उलट जोर देते. गिरक्या आणि दोढियु नंतरही येतील.

एकट्यासाठीच केलेली जागा

गरब्याच्या रचनेतच एकट्या माणसाची सोय आहे. फेराला पुढचे टोक नसते आणि मागचेही. कुठेही, कोणत्याही क्षणी शिरता येते आणि बाहेर पडता येते. सगळे एकाच दिशेने सरकत असल्यामुळे समोर बहुतेक वेळ पाठीच दिसतात; आपल्याकडे तोंड करून बसलेला प्रेक्षकवर्ग नसतो. पाऊल चुकले तर पुढच्या आवर्तनात दुरुस्त होते. ‘गुजरातचा गरबा’ २०२३ च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेला. आपल्याकडच्या भोंडल्यातही हत्तीच्या चित्राभोवती फेर धरताना उशिरा आलेली मुलगी दोन हातांची साखळी सोडवून मध्ये शिरते. विदर्भात भुलाबाईची गाणी म्हणायला आणि खिरापत ओळखायला शेजारची नवी मुलगी बोलावल्याशिवायही येऊन बसते.

दांडिया जोडीने खेळायचा, म्हणून एकट्याला तो जास्त अवघड वाटतो. पण दोन रांगा समोरासमोर असतील तर टिपऱ्यांचे एक आवर्तन संपले की खेळणारा पुढे सरकतो आणि समोर नवा गडी येतो. दहा मिनिटांत दहा जणांशी टिपरी जुळते आणि कोणाशीही ओळख करून घेण्याचे ओझे नसते.

हीच युक्ती जगाच्या दुसऱ्या टोकालाही सापडलेली आहे. न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत १९२६ मध्ये ‘सॅव्हॉय बॉलरूम’ हे नृत्यगृह उघडले. त्या काळच्या अनेक नृत्यगृहांत कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या बरोबरीने प्रवेश नसे. सॅव्हॉयमध्ये मात्र दोघेही एकाच फरशीवर नाचत. जॅझच्या तालावर ‘लिंडी हॉप’ हे नृत्य तिथे बहरले. फ्रँकी मॅनिंग (१९१४–२००९) हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध नर्तक. या घराण्यातली नृत्ये आज ‘स्विंग’ या नावाने अनेक देशांत नाचली जातात. नृत्य जोडीचे असले तरी जोडीदार सोबत आणण्याची सक्ती नसते. संध्याकाळच्या सुरुवातीला बरेचदा नवख्यांसाठी छोटा वर्ग असतो, त्यात थोड्या थोड्या वेळाने जोड्या बदलतात आणि पुढेही एक-दोन गाण्यांनंतर जोडीदार बदलण्याची रीत असते. एकटा आलेला माणूस त्यामुळे वेगळा पडत नाही. दांडियाच्या रांगेने आपल्याकडे साधले, तेच तिथे या रीतीने साधले.

ताल जुळल्यावर काय होते?

एकत्र नाचल्यावर अनोळखी माणसे जवळची का वाटू लागतात? ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या ब्रॉन्विन टार आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ब्राझीलमधील २६४ शालेय विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी एकसारख्या हालचाली एकाच वेळी केल्या, काहींनी वेगवेगळ्या. काहींची हालचाल जोरकस होती, काहींची बसल्या जागची. आधी आणि नंतर दंडावर रक्तदाब मोजण्याचा पट्टा फुगवून त्यांची वेदना सहन करण्याची मर्यादा तपासली. शरीरात एंडॉर्फिन ही नैसर्गिक वेदनाशामके वाढल्याचा हा अप्रत्यक्ष पुरावा मानतात. एकसारखे नाचण्याने ही मर्यादा वाढली आणि जोरकस हालचालीने स्वतंत्रपणे वाढली. बरोबर नाचलेल्यांविषयीची आपुलकीही दोन्हींमुळे वाढली. गरब्यात या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. बोलण्याची कला ज्याला नाही त्यालाही नाते जोडण्याचा एक मार्ग यातून मिळतो.

नृत्याचे दूरगामी फायदेही तपासले गेले आहेत. जो वर्गीज आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधील ७५ वर्षांवरील ४६९ जणांचा साधारण पाच वर्षे पाठपुरावा करून २००३ मध्ये निष्कर्ष मांडले. तपासलेल्या शारीरिक छंदांपैकी फक्त नृत्य करणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका कमी आढळला. अर्थात, हा निरीक्षणावर आधारित अभ्यास होता. ज्यांचा मेंदू आधीच तल्लख असतो तेच जास्त नाचत असतील, हीही शक्यता राहते. व्यायाम म्हणून मात्र शंका नको. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दोन-तीन संध्याकाळच्या गरब्यात त्यातला मोठा हिस्सा पूर्ण होतो.

मैत्रीचे गणितही पाहण्यासारखे आहे. कॅन्सास विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये अंदाज मांडला की नुसत्या ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण ५० तासांचा सहवास लागतो. रोज तीन तास धरले तर नऊ रात्रींचे २७ तास होतात. ते सगळे एकाच माणसाबरोबर जाणार नाहीत. तरीही पहिल्याच रात्री कोणाशी गट्टी जमली नाही, तर त्यात वावगे काही नाही. नवव्या रात्री दोन-चार चेहरे हसून मान हलवू लागले तरी कमाई चांगली झाली.

पहिला अर्धा तास

अवघड असतो तो पहिला अर्धा तास. त्याची आखणी केली तर बाकीचे आपोआप होते.

लवकर जा. गर्दी कमी असताना गट घट्ट झालेले नसतात, पावलेही संथ असतात आणि जागा ओळखीची होते. ध्वनिक्षेपकांना एरवी रात्री दहापर्यंतच परवानगी असते, ठरावीक दिवशी ती बारापर्यंत वाढते. लवकर गेल्याचा फायदा असा दुहेरी आहे.

आधी एक फेरी चालत मारा. पाणी कुठे आहे, बाहेर पडण्याचा रस्ता कुठे, प्रथमोपचाराची सोय कुठे आणि स्वच्छतागृह कुठे, हे पाहून घ्या. मेंदूला नकाशा मिळाला की धोक्याची भावना उतरते.

सामान कमी न्या. पिशवी आणि चपला सांभाळायला कोणी नसते, म्हणून पैसे, किल्ली आणि मोबाइल अंगावरच्या बंद खिशात ठेवा.

बाहेरच्या फेरात शिरा. आतले फेर बहुधा जलद आणि सरावलेल्यांचे असतात. आपल्या पुढे तिरक्या रेषेत असलेल्या व्यक्तीची पावले पाहा. चेहऱ्यांकडे पाहण्याची गरज नाही.

तीन गाणी थांबायचे, हे आधीच ठरवा. तिसऱ्या गाण्यानंतरही नकोसे वाटले तर खुशाल परत या. लाट ओसरायला वेळ दिलात, एवढे त्या दिवशी पुरे.

एक वाक्य तयार ठेवा. ‘ही स्टेप जरा दाखवता का?’ एवढे पुरते. शिकवायला लोकांना आवडते आणि बोलायला विषयही मिळतो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. भीती कमी होते ती पुन्हा पुन्हा सामोरे गेल्याने. नवरात्रात हा सराव एकाच मैदानावर, एकाच वेळी, नऊ दिवस करता येतो. असा योग वर्षात क्वचितच येतो.

भीती आणि सावधपणा

इथे एक फरक करायला हवा. ‘लोक काय म्हणतील’ ही भीती आणि ‘रात्री परत कशी येणार’ हा हिशोब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला सामोरे जायचे असते, दुसऱ्याची नीट व्यवस्था लावायची असते. विशेषतः मुलींनी आणि स्त्रियांनी हा दुसरा हिशोब करणे म्हणजे घाबरटपणा नव्हे. कुठे जात आहोत आणि किती वाजता परतणार, हे घरी किंवा वसतिगृहात एकाला सांगून ठेवावे. मोबाइल पूर्ण चार्ज असावा आणि लोकेशन एका विश्वासू व्यक्तीला पाठवलेले असावे. परतीचे वाहन आधी ठरवावे. अनोळखी व्यक्तीने दिलेले उघडे पेय घेऊ नये. कोणी नकोसे जवळ येऊ लागले तर फेर सोडून उजेडाच्या, आयोजकांच्या जागी यावे आणि गरज पडल्यास ११२ क्रमांकावर फोन करावा. मैदान अंधारे असेल, येण्या-जाण्याची सोय नसेल, तर त्या दिवशी न जाणे हा शहाणपणाचा निर्णय आहे. दुसरे मैदान शोधता येते.

उपवास, गुडघे आणि कान

एकट्याने गेल्यावर आपल्या प्रकृतीकडे लक्ष ठेवणारेही आपणच असतो. अनेकांचे नवरात्रात उपवास असतात. दिवसभर चहा आणि मूठभर साबुदाणा यावर राहून रात्री तीन तास नाचले तर चक्कर येऊ शकते. निघण्यापूर्वी तासभर आधी केळे, शिंगाडा किंवा राजगिऱ्याचे काही, दही-ताक असे हलके खावे. विदर्भात ऑक्टोबरचा उकाडा रात्रीही जाणवतो, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे. मधुमेहाची औषधे, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपवास आणि नाच एकत्र करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. हात थरथरणे, दरदरून घाम आणि गोंधळल्यासारखे होणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. ती धास्ती समजून दुर्लक्ष करू नये.

वर्षभर बैठे काम आणि एकदम तीन तास उड्या, हे गुडघ्यांना आणि हृदयालाही झेपत नाही. पहिली दहा मिनिटे संथ पावलांनी अंग तापवावे. सिमेंट किंवा पेव्हर ब्लॉकच्या जमिनीवर अनवाणी गिरक्या घेण्यापेक्षा घट्ट बसणारे, मऊ तळाचे बूट बरे. छातीवर दाब, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत पसरणारी कळ, न बसणारी धाप, थंड घाम यांपैकी काहीही झाले तर लगेच नाच थांबवून जवळच्या माणसाला सांगावे आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. ‘गॅस झाला असेल’ म्हणून फेर पूर्ण करू नये. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी आधीच तपासणी करून घ्यावी. रात्रपाळी करून आलेल्यांनी झोप पुरी झाली नसेल तर नाच आखडता घ्यावा.

कानांचा हिशोब सोपा आहे. ८५ डेसिबल आवाजात दिवसाला आठ तास ही सुरक्षिततेची मर्यादा मानतात आणि दर तीन डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे. मोकळ्या मैदानात ध्वनिक्षेपकापासूनचे अंतर दुप्पट केले की पातळी साधारण सहा डेसिबलने उतरते. पाच मीटरवर १०० डेसिबल असेल तर वीस मीटरवर ती ८८ च्या आसपास येते आणि १५ मिनिटांचे चार तास होतात. भिंतीसारख्या रचलेल्या ध्वनिक्षेपकांपासून दूरचा फेर निवडा.

लाजाळूपणा की आजार?

पहिल्यांदा जाताना संकोच वाटणे स्वाभाविक आहे. पण चारचौघांत आपली फजिती होईल ही भीती सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकून असेल, तिच्यामुळे वर्गात बोलणे, मुलाखत देणे, चारचौघांत जेवणे, फोन घेणे टाळले जात असेल आणि अभ्यास किंवा नोकरी बिघडत असेल, तर तो सामाजिक चिंतेचा विकार असू शकतो. त्यावर उपचार आहेत. विचार आणि वर्तन यांवर काम करणारी मानसोपचार पद्धती त्यात चांगली उपयोगी पडते आणि गरजेनुसार औषधेही दिली जातात. अशा माणसाला ‘एकदा गरब्याला जा, सगळे ठीक होईल’ असे सांगणे योग्य नाही. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी, मराठीतही, मोफत बोलता येते.

गटाने आलेल्यांसाठी

आतापर्यंतचा सगळा सल्ला एकट्याने येणाऱ्याला दिला. पण तो टिकेल की पहिल्या दहा मिनिटांत परत जाईल, हे बरेचसे आधीपासून फेरात असलेल्यांवर अवलंबून असते. काठावर हातात मोबाइल धरून, कोणाची तरी वाट पाहत असल्यासारखा उभा असलेला चेहरा ओळखायला कठीण नसतो. त्याच्याकडे पाहून फेरात एक जागा मोकळी करणे आणि ‘या ना, सोपी स्टेप आहे’ असे म्हणणे, याला पाच सेकंद लागतात.

आयोजकांनाही फार काही करावे लागत नाही. सुरुवातीची वीस मिनिटे साध्या पावलांसाठी ठेवावीत, बाहेरचा एक फेर नवख्यांचा म्हणून जाहीर करावा आणि दोन स्वयंसेवकांना एकटे आलेल्यांकडे लक्ष ठेवायला सांगावे. वसतिगृहाच्या अधीक्षकांनी आणि रुग्णालयातल्या वरिष्ठ परिचारिकांनी ड्युटीचा तक्ता लावतानाच ‘आज कोण कोण जाणार?’ एवढे विचारले तरी दोन एकट्या मुली एकमेकींना सापडतील. सावंगीसारख्या गावात दर वर्षी नवी तुकडी येते आणि जुनी जाते. आज फेरात सरावाने नाचणाऱ्यांपैकीही बरेच जण कधी तरी असेच काठावर उभे राहिलेले असतात. यंदा घटस्थापनेच्या संध्याकाळी फेर धरताना शेजारी एका माणसापुरती जागा राखून ठेवा.